तळमजला

कोपरखैरणे, सेक्टर पाच.
दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली.
शटरवर रंगवलंय: लग्नपत्रिका, भाडेकरार, लॅमिनेशन.
आत एक जुना प्रिंटर, माझ्याशिवाय कुणाचं न ऐकणारा,
आणि एक नवा लॅपटॉप, माझंही न ऐकणारा.

मंगळवारी रात्री अपडेट केलं.
बुधवारी म्हात्र्यांच्या हळदीच्या कार्डात
'नवऱ्याकडील मंडळी' मधला अर्धा र निखळला.
आधी नव, मग पाय मोडलेला र,
मग लांब, एकटाच उभा या.
दीडशे कार्डं छापून झाली होती.
म्हात्र्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
'ताई, हळद लागायची आहे अजून.
आत्ताच लंगडला काय?'

तेव्हापासून शोधतेय
एक अशी सिस्टीम
जी रोज बदलणार नाही
आणि शिळीही होणार नाही.

ओजस संध्याकाळी डिझाइन शिकायला येतो. तो आर्चवाला.
'मावशी, जगात सकाळी जे आलं
ते माझ्याकडे दुपारी असतं.'
खरंय. सबमिशनच्या आदल्या दिवशी
काळ्या पडद्यावर एकच पांढरी रेघ लुकलुकत होती,
तीही त्याच्याकडे दुपारीच आली.

समोरचे कोळंबकर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त.
सहा वर्षांत त्यांनी एक बटण हलवलेलं नाही.
'चालतंय ना? मग खाजवू नकोस.'
त्यांच्या ब्राउझरात बँकेचं पान उघडत नाही.
ते पासबुक भरायला वाशीपर्यंत पायी जातात
आणि त्याला व्यायाम म्हणतात.

मी अकरा रात्री पेनड्राइव्ह पुसले, भरले, पुसले.
फेडोरा आवडली. टापटीप, अक्षर सुरेख.
पण भाडेकरार मी रोज छापते, अकरा महिन्यांचे.
फेडोराने तेरा दिले.
दोन महिने जास्त, एवढंच.
मला सामान बांधायचा कंटाळा आहे.
मिंट तर माहेरासारखी, सगळं जिथल्या तिथे,
फक्त नव्या लॅपटॉपला वायफाय दिसेना.
डेबियन लावली तेव्हा प्रिंटर
पहिल्या हाकेला ओ देऊन उठला,
लॅपटॉप मात्र फुगून बसला.

बाराव्या रात्री पेनड्राइव्ह खिशात टाकून
ओट्यावर येऊन बसले.
आमची गल्ली बघत राहिले, उगाच.
खाली सगळ्यांचं सारखं, सिडकोने दिलेलं,
एक खोली, एक मोरी, तीच खिडकी.
वर ज्याचं त्याचं.
ठाकुरांची निळी काच, भोईरांचा पत्रा,
शेवटच्या घराने तर गच्चीत झोपाळा टांगलाय.
आमचा मजला चढवताना
गवंडी इद्रिसभाई म्हणाले होते,
'पाया सिडकोचा आहे, भाभी. वजन बेताने टाका.'

मी उठले.
खाली डेबियन ठेवली, जशीच्या तशी.
कर्नल तेवढं नवं मागवलं, तिच्याच मागच्या दाराने.
ब्राउझर आणि चित्रांचं सॉफ्टवेअर
फ्लॅटपॅकने वरच्या मजल्यावर चढवलं,
उद्या पाडावं लागलं
तरी खालची भिंत थरथरू नये म्हणून.
टंक खालीच. अर्ध्या र ला जिने चढवायचे नाहीत.

पहाटे तीनला कागद बाहेर आला:
नवऱ्या, दऱ्या, वाऱ्या, पुऱ्या, सुऱ्या.
सगळे आपापल्या पायांवर.
वायफायच्या तीन रेघा.
चौथी भिंतीमुळे येत नाही, त्याला डेबियन काय करणार.

हे कायमचं आहे असं मी म्हणत नाही.
सिडकोचा स्लॅबही गळतो,
प्रिंटरशेजारी बादली आहेच.

सकाळी कोपऱ्यात छोटी चौकट उघडली.
वरच्या मजल्यावर चार अपडेट आलेत.
थांबा म्हटलं.
म्हात्र्यांची हळद होऊन जाऊ दे.